जांभळा आणि पिवळा एकत्र लावला की डोळ्यावर चिखल का होतो?

देवगडहून एका मुलीनं विचारलंय: "ताई, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे आणि तिचा मेकअप मीच करणार आहे. विधींना पिवळी अष्टपुत्री आणि नंतर जांभळा शालू. दोन्ही साड्यांवर चालावं म्हणून डोळ्यांवर पिवळा आणि जांभळा लावायचं ठरवलं. 35 रंगांची पॅलेट आणली, व्हिडिओ बघून दहा वेळा करून पाहिलं. दर वेळी शेवटी मळकट तपकिरी रंगच उरतो, आणि तासाभरात पापणीच्या घडीत रेघ पडते. माझा ब्रश चुकीचा आहे का? कोणता घेऊ?"

ब्रशचं मी शेवटी सांगते, कारण तुझी अडचण ब्रशपासून सुरू होत नाही. तू लिहिलंयस त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. पहिली, तू निवडलेले दोन रंग एकमेकांना मारणारे आहेत. दुसरी, तू ब्लेंड करतेस म्हणजे बहुधा सगळी पापणी घासतेस. आणि तिसरी ती घडीतली रेघ; तिचा रंगांशी फारसा संबंध नाही, ती रंगाखालच्या थरामुळे पडते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर करत बसलं की माणूस दहा वेळा करून दमतो आणि आपल्याला हे जमणारच नाही असं वाटायला लागतं. तुला जमेल.

मी कुडाळच्या आसपास 18 वर्षं नवऱ्या सजवते. तरी काही गोष्टी इथे बसून मला सांगता येणार नाहीत: बहिणीची पापणी तेलकट आहे की कोरडी, डोळे उघडल्यावर पापणीचा किती भाग दिसतो, वर्ण कसा आहे, ती चष्मा लावते का, लग्न हॉलमध्ये आहे की अंगणातल्या मांडवात. म्हणून पद्धत मी सांगते, प्रमाण तू तिच्या डोळ्याकडे बघून ठरव.

आधी रंग. रंगचक्रात पिवळा आणि जांभळा बरोबर समोरासमोर येतात. असे रंग शेजारी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात, पण एकमेकांत मिसळले की दोन्ही मरतात आणि राखाडी-तपकिरी काहीतरी उरतं. लाल-हिरवा, निळा-नारिंगी यांचंही तेच. तेव्हा पॅलेट वाया गेली असं समजू नको. रंग त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागतायत.

हे मी शिकले ते काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात. श्रावण लागला की माणसं आपापले पाट आणून द्यायची, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत घरातल्या प्रत्येकाच्या हातात ब्रश असायचा. माझ्याकडे पितांबर असायचा. पिवळ्या पितांबराच्या चुण्यांत सावली हवी म्हणून एकदा मी बाजूच्या शेल्याचा जांभळा उचलला आणि पिवळ्यात ओढला, ओल्यावर ओला. पितांबर शेणानं सारवल्यासारखा दिसायला लागला. काका रागावले नाहीत. म्हणाले, "गो बाय, पयलो रंग सुकूक दी, मगे दुसरो लाय." मग त्यांनी तेवढा भाग पांढऱ्यानं झाकला, पुन्हा पिवळा दिला, तो सुकल्यावर चुणीच्या कडेला नारिंगी आणि नारिंगीच्या पोटात विटकरी. जांभळा कुठेच लागला नाही आणि चुणी मात्र खोल दिसायला लागली.

डोळ्यावरही तोच वळसा घ्यायचा. पिवळ्यातून थेट जांभळ्यात उडी मारायची नाही. सोनेरी पिवळा, मग तांब्यासारखा, मग मरून आणि मग जांभळा. चक्रात असं कडेकडेनं गेलं की वाटेत चिखल लागत नाही, कारण प्रत्येक रंग शेजारच्याच्या नात्यातला असतो. सीमेवर थोडे मिसळले तरी बिघडत नाही. म्हणजे तुझ्या 35 रंगांतले पाचच लागतील: बहिणीच्या त्वचेपेक्षा दोन छटा गडद असा मॅट (बिनचमकीचा) तपकिरी, मॅट मरून, जांभळा, तांब्याचा शिमर (चमकीचा रंग) आणि सोनेरी शिमर. लिंबासारखा फिका मॅट पिवळा बाजूला ठेव. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो खडूसारखा पांढुरका पडतो. अष्टपुत्रीच्या पिवळ्याला सोनेरी रंग जास्त चांगला साथ देतो.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मते सगळी कला इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. ब्लेंड या शब्दानं फार घोटाळा केलाय. आपल्याला वाटतं, रंग मिसळायचे आहेत. खरं काम असतं कड विरवण्याचं. रंगाचं पोट जिथे आहे तिथेच राहू द्यायचं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. फक्त तो जिथे संपतो ती रेघ धूसर करायची. तू ब्रश पापणीभर फिरवलास की पोटातला रंग उचलला जातो, दुसऱ्याच्या पोटात जाऊन पडतो, आणि पाच मिनिटांत सगळीकडे एकच रंग होतो.

पापणीवर जागा असते जेमतेम एक बोट. मनात तिचे तीन भाग कर: नाकाकडचा, मधला आणि कानशिलाकडचा. बहिणीला आरशात सरळ समोर बघायला सांग, डोळे उघडे ठेवून. डोळा मिटून केलेलं काम डोळा उघडल्यावर अर्धं घडीत गडप होतं, म्हणून खुणा नेहमी उघड्या डोळ्यावर करायच्या. बोटानं हलकेच चाचपलंस तर बुबुळाच्या वर जिथे हाड संपून खोबण लागते, तिथे तपकिरी रंग जायचा. तिच्या पापणीवर वरची त्वचा झुकलेली असेल तर खोबणीच्या किंचित वर, म्हणजे समोरून दिसेल इतपत.

फुगीर मऊ ब्रश तपकिरी रंगात एकदाच टेकव, डबीच्या कडेवर टिचकी मार आणि हाताच्या पाठीवर एकदा पुसून घे. ब्रश पेन्सिलीसारखा पुढे धरू नको, दांड्याच्या टोकाला धर. मग हातात जोर येतच नाही. कानशिलाकडून सुरू करून गाडीच्या वायपरसारखा खोबणीतून पुढेमागे फिरव. सात-आठ फेऱ्यांत त्वचेवर जेमतेम सावली पडल्यासारखं दिसेल. तेवढंच हवं. पुढचे सगळे रंग या सावलीत विरणार आहेत, म्हणून ही पायरी गाळायची नाही. व्हिडिओतही ही दाखवतात, पण झटकन उरकतात, आणि बघणाऱ्याला वाटतं हिच्यावाचून चालेल.

मग कानशिलाकडच्या तिसऱ्या भागावर मरून, लहान टोकदार ब्रशनं. इथे ओढायचं नाही, दाबायचं. ठिपक्याला लागून ठिपका. त्याच्यावर जांभळा, पण मरूनपेक्षा लहान जागेत, म्हणजे जांभळ्याच्या चारी बाजूंनी मरूनची बारीक कड दिसत राहील. ही कडच तुझा बांध आहे. मॅट जांभळा मुळात हट्टी रंग आहे, ओढला की ठिकठिकाणी उडतो आणि मध्ये त्वचा दिसते. दाबून, थोडा थांबून, पुन्हा दाबून तो बसतो. गडद करायचा म्हणून त्यात काळा घालू नको, काळ्यानं तो लगेच मळतो. गडदपणा हवा असेल तर मरून वाढव.

मधल्या भागावर तांब्याचा आणि नाकाकडच्या भागावर सोनेरी रंग सगळ्यात शेवटी. शिमरची चमक अभ्रकाच्या बारीक पत्र्यांची असते. ते पत्रे त्वचेवर आडवे पडले तर चमकतात. ब्रशनं झाडले तर उडून गालावर जातात. म्हणून अनामिकेच्या पेरानं दाबून लावायचे, या बोटाला जोर कमी असतो. आणि शिमर लावून झाल्यावर त्याच्यावरून मॅट रंग फिरवायचा नाही, चमक मरते.

आता कडा. एक ब्रश असा ठेव की ज्याला कुठलाच रंग लागलेला नाही. मरून आणि तपकिरी भेटतात तिथे, मग मरून आणि तांब्याचा भेटतात तिथे, मसुराच्या दाण्याएवढी गोल गोल चार-पाच वळणं दे. दुसऱ्या कडेला जाण्याआधी ब्रश कोरड्या रुमालावर पूस. आणि हात खाली घे. दोन पावलं मागे जाऊन बघ. सहा इंचांवरून दिसणारी रेघ दोन फुटांवरून दिसत नाही, आणि पाहुणे दोन फुटांच्या आत येत नाहीत. चांगला झालेला डोळा याच क्षणी बिघडतो, "अजून थोडंसं" करताना.

तरीही मळलंच तर वरून नवा रंग टाकू नको. कोरड्या कापसाच्या बोळ्यानं तेवढाच भाग उचल, त्यावर कन्सीलरचा (डाग झाकायच्या त्वचेच्या रंगाच्या क्रीमचा) ठिपका थोपट, पावडर लाव आणि फक्त तेवढाच रंग पुन्हा बसव. काकांनी पितांबर केला तसंच.

तिसरी गोष्ट, घडीतली रेघ. आपल्याकडे मे महिन्यात ऊन असतंच, पण खरा त्रास दमट हवेचा. घाम येतो आणि सुकत नाही. माणूस मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी घाम, तेल आणि क्रीमचा बेस थोडा थोडा ढकलला जाऊन घडीत साठतो. जितका जाड थर, तितकी जाड रेघ. सुरुवातीच्या वर्षांत वेंगुर्ल्याकडच्या एका लग्नात मी टिकावं म्हणून पापणीवर क्रीमचा बेस दोनदा दिला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोन्ही पापण्यांच्या मधोमध पांढरट रेघ पडली होती आणि फोटोत ती तशीच राहिली. ती मुलगी मला काही बोलली नाही, पण तो अल्बम मी पाहिलाय आणि अजून आठवतो. तेव्हापासून पापणीवर मी कमीत कमी लावते.

रंगांना हात लावण्याआधी पापणी ओल्या कापसानं पुसून पूर्ण कोरडी कर. त्या दिवशी तिथे मॉइश्चरायझर नको, तेल नको, आदल्या दिवशीच्या काजळाचा अंश नको. प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवायला खाली लावायचं क्रीम, दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा. बोटानं थोपटून पसरव आणि मिनिटभर थांब. मग तिला वर बघायला सांग, घडीत साठलेलं बोटानं सारखं कर आणि लगेच त्वचेच्या रंगाची बारीक पावडर दाबून लाव. पावडर नसेल तर मॅट रंग ओल्या बेसला जिथे पहिल्यांदा टेकतो तिथेच चिकटतो आणि पुढे सरकत नाही. तुझे रंग विरत नसतील तर हेही कारण असू शकेल. शिमरला मात्र किंचित चिकटपणा आवडतो, म्हणून सोनेरी लावण्याआधी तेवढ्याच जागी प्रायमरचा अगदी पुसट हात दे. प्रायमर मिळाला नाही तर कन्सीलरचा पातळ थर आणि पावडर, तेही चालतं. डोळ्यांखाली मात्र पांढरी पावडर भरपूर लावू नको, फ्लॅशमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात.

डोळ्यांचं काम चेहऱ्याच्या बेसआधी कर. गडद रंगाचे कण गालावर पडतातच. बेस आधी झाला असेल तर ते पुसताना गाल बिघडतो. नसेल तर एक ओला कापूस फिरवला की झालं.

मांडवाच्या उजेडाचं एक लक्षात ठेव. दिवसा मांडवात उजेड कापडातून गाळून येतो, आणि कापड पिवळं-केशरी असेल तर त्या उजेडात जांभळा तपकिरीच दिसतो, कितीही नीट लावला असला तरी. पिवळ्या बल्बखालीही तसंच. म्हणजे तुझे दहातले दोन-तीन प्रयत्न कदाचित चांगलेही झाले असतील आणि खोलीतल्या दिव्यानं तुला फसवलं असेल. मेकअप खिडकीजवळ कर आणि झाल्यावर तिला मांडवात नेऊन एकदा बघ. वीज गेली तरी खिडकी कामाला येते.

आता माझं स्वतःचं मत. मी तुझ्या जागी असते तर दोन्ही रंग सकाळपासून लावून ठेवले नसते. अष्टपुत्रीला तपकिरी, तांब्याचा आणि सोनेरी एवढंच. शालू नेसवताना कानशिलाकडच्या कोपऱ्यात मरून आणि जांभळा चढवायचा. हात बसला की दहा मिनिटांचं काम आहे. तोपर्यंत बेस मुरलेला असतो, जांभळ्याला कमी तास टिकायचं असतं, आणि लाजाहोमाच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं तरी गडद रंग ओघळायला तिथे नसतोच. शिवाय मुंडावळ्या. त्यांच्या लडी दोन्ही कानशिलांवर लोंबतात आणि नवरी मान हलवेल तसतशा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर घासतात. कितीतरी नवऱ्यांचा एका डोळ्याचा कोपरा पुसलेला मी पाहिलाय तो याच कारणानं. मुंडावळ्या उतरल्यावर जांभळा लावला तर प्रश्नच मिटतो. पण हे सगळं तुमच्याकडे शालू कधी नेसवतात आणि मध्ये किती वेळ मिळतो यावर आहे. घरात मोठ्यांना आणि भटजींना आधीच विचारून ठेव. वेळ मिळणार नसेल तर सकाळीच लाव, कोपऱ्यातला रंग पारदर्शक पावडरीनं दाबून बसव आणि मुंडावळ्या बांधताना लडी अर्धा बोट मागे घ्यायला सांग.

लग्नाआधी निदान एक चाचणी दिवसाच्या त्याच वेळेला घे. सकाळी दहाला मेकअप करून बहिणीला दोन तास घरातली कामं करू दे, पंख्याखाली बसवून ठेवू नको. चुलीपाशी उभी राहिली तर उत्तमच. मग उन्हात फोटो काढ. रेघ पडली असेल तर पुढच्या वेळी प्रायमर वाढवायचा नाही, अर्धा करायचा.

पॅलेटचं खोकं टाकलं नसशील तर त्यावरचा बारीक मजकूर वाच. काही पॅलेटमधल्या लाल, गुलाबी, जांभळ्या रंगांवर ते डोळ्यांभोवती वापरू नयेत असं लिहिलेलं असतं. तुझ्या जांभळ्यावर तसं असेल तर तेवढा एक रंग वेगळा विकत घे. जांभळा कमी पडला म्हणून कुंकू, गुलाल असलं काही पापणीवर लावू नको. घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्या माणसाला लागलेला ब्रश बहिणीला लावायचा नाही. ती लेन्स वापरत असेल तर लेन्स आधी, मेकअप नंतर. पन्नाशीच्या पुढच्या मावशी-आत्यांनीही डोळे करून मागितले तर त्यांना मॅट रंगच दे, शिमर सुरकुत्यांत बसतो.

आणि ब्रश. तुला तीन हवेत: खोबणीसाठी फुगीर मऊ ब्रश, कोपऱ्यासाठी लहान टोकदार, आणि फुगीरच आणखी एक, जो नेहमी कोरा राहील. तुझ्याकडे एकच असेल तर मळकट होण्याचं तेही एक कारण आहे, कारण जांभळा लागलेल्या ब्रशनं तू पिवळ्याची कड विरवते आहेस. महागडे घेऊ नको. दुकानात गालावर फिरवून बघ, टोचला तर नको. केस बोटांनी हलकेच ओढून बघ, सुटून आले तर नको. सौम्य शाम्पूनं धू आणि आडवा, टोक टेबलाच्या कडेबाहेर ठेवून वाळव. उभा ठेवलास तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस सुटतात. धुवायचे ते लग्नाच्या दोन दिवस आधी. आपल्याकडच्या हवेत एका रात्रीत ब्रश आतून सुकत नाही, आणि ओल्या ब्रशनं मॅट रंग उचलला की पुन्हा तेच डाग पडतात.